कागल : एका तालुक्याच्या गावाचा इतिहास आणि आपण



गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला मी पानिपतची तिसरी लढाई शिकवत होतो. तास संपता संपता मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, इतिहास नेहमी लांबच का घडतो? आपल्याकडं काहीच घडलं नाही का?" वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. मी राहतो उचगावला. आमच्या गावावरून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग धरला, की उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कणेरीवाडी मागे टाकीत थोड्याच वेळात कागल येते. या रस्त्याने आपण किती वेळा गेलो असू! कुणी कामाला, कुणी लग्नाला, कुणी उरुसाला, कुणी निपाणीच्या बाजाराला. पण ज्या गावातून आपण जातो, त्या गावाने काय काय पाहिले आहे, याचा विचार किती वेळा केला?

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी हा लेख लिहीत आहे. कागल हे काही फार मोठे शहर नव्हे. ते एका तालुक्याचे ठिकाण आहे. तहसील कचेरी, पंचायत समिती, न्यायालय, बाजारपेठ, एस. टी. स्थानक, शाळा-महाविद्यालये, महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जे असते, तेच येथे आहे. परंतु अशा गावांतूनच खेड्यांचा आणि बाहेरच्या जगाचा संबंध येतो. खेड्यातला माणूस राजाला किंवा मंत्र्याला क्वचितच भेटतो. तालुक्याच्या कचेरीत मात्र त्याला जावेच लागते. म्हणून तालुक्याच्या गावाचा इतिहास हा खऱ्या अर्थाने सामान्य माणसाचा इतिहास होय.

घाटग्यांचे कागल

कागल कोल्हापूरच्या दक्षिणेस, दूधगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. वेदगंगाही याच तालुक्यातून वाहते. पाणी आणि काळी जमीन यांमुळे हा मुलूख पूर्वीपासून पिकाऊ. शिवाय घाटमाथ्यावरून कर्नाटकाकडे जाणारी वाट येथूनच जाते. पीक आणि वाट या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे सत्ताही येते. कागलला ती घाटगे घराण्याच्या रूपाने आली.

घाटगे हे विजापूरच्या आदिलशाहीतले नामांकित मराठे सरदार. 'सर्जेराव' हा त्यांचा किताब आदिलशाही दरबारचा. पुढे 'वजारतमाब' हा किताबही त्यांच्या नावामागे लागला. वाचकहो, हे दोन शब्द जरा तोंडात घोळवून पाहा. मराठा घराणे, फारसी-अरबी वळणाचे किताब आणि कारभार मराठी मुलखाचा. त्या काळच्या दख्खनमध्ये भाषा आणि माणसे कशी एकमेकांत मिसळली होती, हे सांगायला याहून निराळा पुरावा नको. आजही आपल्या तोंडी असलेले तालुका, तहसील, कचेरी, जमीन, वसूल, दस्त, अर्ज हे शब्द त्याच काळाची देणगी आहेत. शेतकरी हिंदू असो की मुसलमान, सातबाऱ्यासाठी तो 'अर्ज'च करतो.

घाटगे घराण्याच्या पुढे दोन शाखा झाल्या, थोरली आणि धाकटी. इंग्रजी अमदानीत कोल्हापूर संस्थानच्या मांडलिक जहागिरींमध्ये 'कागल सीनियर' आणि 'कागल ज्युनियर' अशी त्यांची वेगवेगळी नोंद होत असे.

या घराण्याचे नाव दूरवर पोहोचवणारी एक स्त्री होती, ती म्हणजे बायजाबाई. सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे यांची ही मुलगी 1784 साली कागलला जन्मली. 1798 साली पुण्यात ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांशी तिचा विवाह झाला. तिचे वडील शिंद्यांचे कारभारी झाले आणि त्यांनी पैशासाठी पुणेकरांचा जो छळ केला, तो इतिहासाने विसरलेला नाही. आपल्या गावचा माणूस म्हणून ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. इतिहास म्हणजे केवळ गौरवाची यादी नव्हे. मात्र मुलीचे कर्तृत्व वेगळे होते. 1827 साली दौलतराव वारल्यावर बायजाबाईंनी 1833 पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. काशीच्या ज्ञानवापी विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप त्यांनीच बांधविला. 1863 साली त्या निवर्तल्या. त्यांचे बंधू हिंदुराव घाटगे दिल्लीस जाऊन राहिले. आज दिल्लीत 'हिंदुराव रुग्णालय' म्हणून जे मोठे सरकारी इस्पितळ आहे, त्याला या कागलकर सरदाराचे नाव आहे. 1857 च्या लढ्यात दिल्लीच्या टेकडीवरील हिंदुरावांच्या वाड्याभोवती तुंबळ लढाई झाली होती. तेव्हा विद्यार्थी मित्रा, इतिहास लांबच घडतो असे तू म्हणालास. पण लांब घडलेल्या इतिहासातसुद्धा आपल्या तालुक्याचा माणूस सापडतो, हे ध्यानात ठेव.

गैबी पीर

कागलला जाऊन गैबी चौक न ओलांडता परत येणे कठीण. 'गैब' म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही ते. कागलच्या गैबी पिरावर भाविकांची मोठी श्रद्धा आहे. कुणी त्यांना गैबी पीर म्हणतात, कुणी नवनाथांतले गहिनीनाथ म्हणून हात जोडतात. उरुसाला गलेफ चढतो, नारळही फुटतो. फकीरही येतात, आणि गुळ-खोबरे घेऊन आसपासच्या खेड्यांतील मराठा, धनगर, महार, मांग, लिंगायत अशा सर्व समाजांच्या आयाबायाही येतात. घाटगे घराण्याची या पिरावर पूर्वापार निष्ठा आहे.

दर्ग्यावर जाण्याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत, हे मी जाणतो. त्या वादात मी येथे शिरत नाही. तो माझा विषय नव्हे. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी एवढेच पाहतो की, शेकडो वर्षे एका छोट्या गावातील माणसांनी एकाच ठिकाणी दोन नावांनी माथा टेकवला आणि त्यासाठी कुणाला आपले नाव सोडावे लागले नाही. एकत्र राहण्याची ही रीत कुणी सभेत ठराव करून केलेली नाही. ती बाजारातून, शेतातून आणि उरुसातून आपोआप घडली. अशी रीत मोडायला एक दिवस पुरतो, घडायला मात्र पिढ्या लागतात.

यशवंतराव ते शाहू

आता ज्या घटनेमुळे कागलचे नाव सर्व महाराष्ट्राला माहीत झाले, तिच्याकडे वळू. कागल थोरल्या शाखेचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि मुधोळच्या राजघराण्यातील राधाबाई यांना 26 जून 1874 रोजी मुलगा झाला. नाव ठेवले यशवंतराव. अनेक विद्यार्थी त्यांचा जन्म कागलचा म्हणून लिहितात. तो तसा नाही. घराणे कागलचे, पण जन्म कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यातला. परीक्षेत ही चूक करू नका.

17 मार्च 1884 रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण होऊन 2 एप्रिल 1894 रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. म्हणजे उण्यापुऱ्या 28 वर्षांचा कारभार. त्या अवधीत त्यांनी काय केले, हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. मी येथे फक्त तीन तारखा सांगतो, कारण त्या तिन्ही आपल्या घराशी जोडलेल्या आहेत.

पहिली, 26 जुलै 1902. त्या दिवशीच्या जाहीरनाम्याने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व मागासलेले, अशी त्यात व्याख्या होती. म्हणजे त्या व्याख्येत आपला समाजही होता.

दुसरी, 1906. कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या खेड्यातील मुलाला राहायला जागा नव्हती. जेवणाची सोय नव्हती. शाळा होती, पण तिच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. महाराजांनी नेमके हेच हेरले. 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहू लागली. 1906 साली कोल्हापूर मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी स्वीकारले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग हे तिचेच फळ. एका हिंदू छत्रपतीने मुसलमान मुलांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष व्हावे, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. आज आपल्यासारख्या संस्था ज्या पायवाटेने चालल्या आहेत, तिचा पहिला दगड तेथे आहे.

तिसरी, 1917. त्या वर्षी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद त्यात होती. दंड मुलाला नव्हे, पालकाला, हे नीट लक्षात घ्या. मूल शाळेत नसेल तर दोष कुणाचा, याचे उत्तर त्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

जहागीर गेली, कचेरी आली

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जहागीरदारांचे कागल आता कोल्हापूर जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव झाले. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. पूर्वी वाड्यावर मुजरा करावा लागे, आता कचेरीत कागद द्यावा लागे. हा बदल मोठा होता आणि चांगलाही होता. कारण मुजरा करणाऱ्याला हक्क नसतो, कागद देणाऱ्याला असतो. परंतु त्यात एक अडचण होती. कागद वाचता यावा लागतो.

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझे आजोळ कागल तालुक्यातील एका खेड्यात. आईचे वडील, म्हणजे आमचे नाना, 1935 च्या आसपास जन्मलेले. त्यांचे वडील दुसऱ्याची जमीन कुळाने कसत. 1948 साली मुंबई राज्याचा कुळकायदा झाला. पुढे त्यात सुधारणा झाली आणि 1 एप्रिल 1957 हा दिवस 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ हे जमिनीचे मालक मानले गेले. हजारो घरांत त्या दिवशी दिवा लागला असेल. आमच्या घरात नाही लागला. कारण त्याच्या काही वर्षे आधीच पणजोबांनी कागलला जाऊन एका कागदावर अंगठा उठविला होता.

मी सातवीत असताना सुट्टीत आजोळी गेलो होतो. नानांनी पत्र्याची पेटी उघडून एक घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "बघ रे, तुला वाचाय येतंय. ह्यात काय लिवलंय ते एकदा मला वाचून दाव." मी मोठ्या ऐटीत वाचू लागलो. कागदाची भाषा अवघड होती, पण मतलब कळला. सदर जमीन कूळ स्वखुशीने सोडून देत आहे, पुढे त्यावर त्याचा काही हक्क राहणार नाही, असे त्यात लिहिले होते. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा होता.

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अब्बांना सांगितलं हुतं, खंडाची पावती हाय म्हणून. मी सतरा वर्षांचा हुतो. तिथंच शेजारी हुबा हुतो. कागद माझ्या हातात हुता, पर वाचाय येत न्हवतं."

तो कागद कुणी लिहिला, कुणी काय सांगितले, याचा उलगडा आता होणार नाही. ज्यांचा संबंध होता ते सारे अल्लाला प्यारे झाले. कुणावर आरोप करण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. कुळकायद्याच्या सुमारास अशी 'स्वखुशीची' राजीपत्रे महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाली, हे इतिहासात नमूद आहे. आमचे घर त्यांपैकी एक. कायदा आमच्या बाजूने होता, सरकार आमच्या बाजूने होते; फक्त अक्षर आमच्या बाजूने नव्हते. नाना दुसरीतून शाळा सोडून गुरे राखायला गेले होते. आणखी दोन वर्षे शाळेत गेले असते तर तो कागद त्यांनी तेथेच वाचला असता. त्या दोन वर्षांची किंमत किती? आमच्या घरापुरती विचाराल तर दीड एकर.

त्याच मातीतला दुसरा मुलगा

बरोबर त्याच पिढीत, त्याच कागल गावात आणखी एक मुलगा वाढत होता. 30 नोव्हेंबर 1935 रोजी जन्मलेला. घर गरीब शेतकऱ्याचे, रान दुसऱ्याचे, खाणारी तोंडे पुष्कळ. शाळेपेक्षा मोट आणि गुरे महत्त्वाची, असे वडिलांचे मत. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होऊन 18 वर्षे झाल्यावर जन्मलेल्या या मुलाला शाळेत जाण्यासाठी घरातच भांडावे लागले. पण त्याने शाळा सोडली नाही. तो मॅट्रिक झाला, पुढे एम. ए., पीएच. डी. झाला आणि पुणे विद्यापीठात मराठीचा विभागप्रमुख झाला. तेच ज्येष्ठ साहित्यिक डॉ. आनंद यादव. 'गोतावळा' आणि 'नटरंग' या त्यांच्या कादंबऱ्या गाजल्या. शिक्षणासाठी केलेल्या झगड्याची कहाणी त्यांनी 'झोंबी' या आत्मचरित्रात्मक कादंबरीत लिहिली. 1990 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2016 साली पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या घरात शाळेचे पुस्तक नकोसे होते, त्या घरातील मुलाची पुस्तके आज विद्यापीठात अभ्यासाला लागतात.

पालक बंधूंनो, माझे नाना आणि आनंद यादव यांच्यात मला बुद्धीचा फरक दिसत नाही. नानांना शंभर जनावरांतून आपले जनावर पाठीमागून ओळखता येई. बाजाराचा हिशेब ते तोंडी करीत आणि दुकानदाराची चूक काढीत. फरक एवढाच, की एकजण शाळेला चिकटून राहिला आणि दुसऱ्याचे बोट सुटले. महाराजांनी कायदा केला, बोर्डिंग बांधले, नोकऱ्या राखून ठेवल्या. परंतु सकाळी मुलाला उठवून शाळेच्या वाटेला लावणे, हे काम कोणत्याही छत्रपतीला किंवा सरकारला करता येत नाही. ते घरातच व्हावे लागते.

आजचे कागल, आजचे आपण

आज कागल पुष्कळ बदलले आहे. उसाने शिवार भरले आहे. तालुक्यात साखर कारखाने उभे आहेत. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत झाली. 1891 साली कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली, तेव्हा ती कागलला आली नाही. पण महामार्गाने ती उणीव भरून काढली. सातबाऱ्यासाठी पूर्वी कचेरीचे हेलपाटे घालावे लागत. आता तो मोबाईलवर दिसतो.

पण दिसतो म्हणजे वाचता येतो असे नव्हे. आमच्या उचगावच्या परिसरात मी पाहतो. दहावी झाली की मुलगा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात नाही तर गांधीनगरच्या कापडपेठेत कामाला लागतो. महिन्याला चार पैसे येतात, घराला आधार वाटतो. मुलीचे तर विचारूच नका. "सर, पोरीची जात. आता दहावी झाली, बास झालं की," असे मला कितीतरी पालक सांगतात. गरिबी मी जाणतो. मी त्याच घरातून आलो आहे. कामाची लाज धरा, असेही मी म्हणत नाही. परंतु हातात येणारा कागद बदलला आहे. आज तो कर्जाचा असतो, विम्याचा असतो, नोकरीच्या कराराचा असतो, मुलीच्या निकाहनाम्याचा असतो. अंगठ्याऐवजी आता आपण सही करतो. न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक काय?

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला शेवटी थोडा गृहपाठ देतो. मास्तर म्हटल्यावर तो आलाच. एक, घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ तासभर बसा. ते कोठे जन्मले, शाळा का सुटली, पहिल्यांदा तालुक्याच्या गावी कशासाठी गेले, हे विचारून वहीत लिहा. दोन, माळ्यावरच्या पेटीतील जुने कागद, मग ते मोडीत असोत, उर्दूत असोत की फारसीत, रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, आणि कोल्हापुरात शासनाचे पुराभिलेख कार्यालयही आहे. तीन, आपल्या गावातील मशीद, देऊळ, विहीर, तळे, वेस यांवर कोठे कोरीव अक्षरे असली तर त्यांचे छायाचित्र काढून ठेवा. चार, घरच्या जमिनीचा किंवा घरजागेचा उतारा स्वतः वाचा आणि त्यातील प्रत्येक रकान्याचा अर्थ शिक्षकांना विचारा. इतिहासाचा आणि नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा पुस्तकात नाही.

मागच्या बाकावरील त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले, "तुझ्या घरातल्या पेटीत काय आहे ते आधी बघून ये." आठ दिवसांनी तो एक पिवळा पडलेला कागद घेऊन आला. त्याच्या आजीचा शाळा सोडल्याचा दाखला होता तो. इयत्ता चौथी. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात लिहिले होते, 'घरकाम'.

आम्ही दोघांनी तो कागद वाचला. नंतर मी त्याला विचारले, "तुझी धाकटी बहीण कितवीत आहे?"

"नववीत, सर."

"मग तिच्या दाखल्यावर काय लिहायचं, ते अजून आपल्या हातात आहे," मी म्हणालो.

वाचकहो, तेच मी आपणांसही विनवतो.